‘टेन्शन घेऊ नका’ म्हटल्याने बीपी का उतरत नाही

दवाखाना कोल्हापुरात राजारामपुरीतला असो की गडहिंग्लजचा, बाहेर पडताना चिठ्ठीसोबत एक वाक्य फुकट मिळतं: ‘आणि हो, टेन्शन घेऊ नका.’ सल्ला मनापासूनचा असतो, पण उपयोग जवळपास शून्य. टेन्शन कुणी हौसेनं घेत नाही, त्यामुळे सांगून कुणी सोडतही नाही. शरीर काही गोष्टी आपल्याला न विचारता शिकतं. मनही दुखण्याचा अर्थ आपल्याला न विचारता लावून मोकळं होतं. दोन्हींचे नियम ठरलेले आहेत आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ते बऱ्यापैकी कळलेही आहेत. दटावून त्यातलं काही बदलत नाही. भोवतालची परिस्थिती, वेळ, क्रम बदलला की बदलतं.

मानसशास्त्र म्हणजे ‘डोक्याच्या पेशंटचं’ शास्त्र, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. पण बीपीची पट्टी, शुगरची गोळी, धरलेली कंबर आणि दाताला लावलेली मिश्री इथं त्याचा जितका उपयोग आहे तितका क्वचितच कुठं असेल.

पट्टी बघूनच चढणारं बीपी

‘घरी बरोबर असतंय वो, हितं आलं की वाढतंय.’ पेशंट हे म्हणतो तेव्हा तो बहाणा करत नसतो. इवान पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामाबद्दल. कुत्र्यांची लाळ मोजता मोजता त्यांना दिसलं, की अन्न तोंडात जायच्या आधीच, ते आणणारा माणूस दिसला तरी लाळ सुटते. एका गोष्टीपाठोपाठ दुसरी येत राहिली की शरीर पहिलीवरच दुसरीची तयारी करतं. दवाखान्यात सुई टोचली गेली, वाईट बातमी कळली, बाकावर दोन तास घाम फुटला. अशा चार-दोन अनुभवांनंतर नुसता स्पिरिटचा वास आणि दंडाभोवती आवळणारी पट्टी पुरते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात.

हे मोजलेलंही आहे. १९८३ मध्ये ज्युसेप्पे मान्चिया या इटालियन डॉक्टरांनी रुग्णांच्या धमनीतलं बीपी सतत नोंदवत ठेवलं. डॉक्टर खोलीत आल्यावर पहिल्या चार मिनिटांतच वरचा आकडा सरासरी २७ ने चढला. नेमका याच मिनिटांत आपल्याकडे बीपी मोजलं जातं, कारण बाहेर रांग असते.

मोजणीत होणाऱ्या चुका त्यात भर घालतात. मोजताना बोलत राहिलं, लघवी तुंबलेली असली, हात खाली लोंबकळत असला, तर प्रत्येक गोष्टीनं दहाएक आकडे वाढू शकतात. पायावर पाय टाकला, दंड जाड आणि पट्टी लहान असली, तरी आकडा वर जातो. शर्टाच्या बाहीवरूनही मोजू नये. अशा एकाच आकड्यावर गोळी वाढवली, तर घरी माणूस उठताना चक्कर येऊन पडतो आणि ‘गोळी मानवत नाही’ म्हणून ती सोडून देतो. मग खरंच बीपी असलेला माणूसही औषधाविना राहतो.

उपाय घरी मोजण्याचा, पण रीतसर. दंडावर बांधायचं मशीन घ्यावं, मनगटाचं नको. तासभर आधी रंकाळ्याला चक्कर नको. चहा, तंबाखू अर्धा तास आधीपासून बंद. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि पाच मिनिटं गप्प. टीव्हीवर बातम्या चालू नकोत, मांडीवर नातू नको. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. सकाळी गोळी आणि नाष्ट्याच्या आधी, रात्री झोपण्यापूर्वी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, कारण त्या दिवशी मशीनचीच धास्ती असते. उरलेल्यांची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल आणि दवाखान्यात १४०/९० च्या वर येत असेल, तर हे दवाखान्यातलं बीपी. ते अगदी निरुपद्रवी नसतं. अशा माणसांत पुढं खरं बीपी जडण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून वर्षातून एकदा हाच सात दिवसांचा तक्ता पुन्हा करावा. याच्या उलटही असतं: दवाखान्यात १३०, आणि घरी किंवा शिरोलीच्या कारखान्यात पाळीवर १५०. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो कुणाच्या नजरेलाच येत नाही. नाडीचे ठोके अनियमित असतील तर मात्र घरच्या मशीनच्या आकड्यावर विसंबू नये.

आणि १८०/१२० च्या वर आकडा आला तर? छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं यांतलं काही असेल तर १०८ ला फोन. काहीच नसेल तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा आणि तरीही तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

हेच शिकणं केमोथेरपीत फार त्रासदायक होतं. औषधानं मळमळतं, हे झालं औषधाचं काम. पण तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत दवाखान्याच्या जिन्यातच उलटी येऊ लागते, औषध शरीरात गेलेलंही नसतं. चवीशी तर ही गाठ फार पटकन बसते, कधी एकाच वेळेत. १९७८ मध्ये इलीन बर्नस्टाईन यांनी दाखवलं, की केमोच्या आधी नव्या चवीचं आईस्क्रीम खाल्लेली मुलं नंतर त्याच चवीकडे पाठ फिरवतात. तेव्हा घरच्यांनी एक गोष्ट पाळावी. ‘दवाखान्यात जायचंय, खाऊन घे’ म्हणत पेशंटच्या आवडीचा पांढरा रस्सा केमोच्या सकाळी वाढू नये. एरवी कधी न खाल्लेल्या चवीची एखादी गोळी चघळायला द्यावी. घृणा बसायची ती बरीचशी त्या गोळीवर बसते आणि जेवण वाचतं. हे मुलांवर करून पाहिलेलं आहे. जिन्यातल्या मळमळीसाठी आदल्या रात्रीपासून घ्यायची औषधंही मिळतात, पण ती मागावी लागतात, कारण पेशंट हा त्रास ‘मनाचा खेळ’ म्हणून सांगतच नाही.

सुई, सलाईन आणि साईड इफेक्ट

‘सुई मारल्याशिवाय गुण येत नाही’ हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळेल. गंमत म्हणजे ते अगदीच खोटं नाही. १९७८ मध्येच लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. औषध नसलेलं इंजेक्शन देऊनही काहींचं दुखणं कमी झालं. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं. हे औषध अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचा परिणाम अडवतं. ते दिल्यावर मिळालेला आराम ओसरला. म्हणजे बरं वाटणार या नुसत्या अपेक्षेनं मेंदूनं स्वतःची वेदनाशामक रसायनं खरोखर सोडली होती. अपेक्षा जितकी मोठी आणि उपचाराचा थाट जितका मोठा, तितका हा परिणाम जास्त. म्हणून गोळीपेक्षा सुई भारी ‘लागते’.

पण त्याच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. दुखणं, मळमळ, थकवा, झोप यांत अपेक्षेचा हात चालतो. जंतू, गाठ किंवा वाढलेली शुगर अपेक्षेला दाद देत नाही. आणि पोटात काही ठरत असेल तर ‘अंगात ताकद यावी’ म्हणून चढवलेल्या बाटलीत नेमकं काय असतं तेही बघा. ५०० मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. एवढी साखर कोल्ड्रिंकच्या छोट्या बाटलीतही असते, आणि तिथं सुईतून जंतू जाण्याची, शीर सुजण्याची भीती नसते. जो डॉक्टर ‘सलाईनची गरज नाही’ म्हणतो त्याला कमी हुशार समजू नये.

अपेक्षेची दुसरी बाजू जास्त नुकसान करते. त्रास होणार असं मनात बसलं की त्रास होतो, आणि तोही खराच असतो. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांचं उदाहरण घ्या. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं २०२० मध्ये ६० जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांनी अंगदुखीसारख्या त्रासापायी ही गोळी सोडली होती. त्यांना वर्षभराच्या बाटल्या दिल्या: चार महिने स्टॅटिनच्या, चार महिने नकली गोळीच्या, चार महिने रिकाम्या. कोणती गोळी खरी हे त्यांना माहीत नव्हतं. स्टॅटिनच्या महिन्यांत झालेल्या त्रासातला ९० टक्के त्रास नकली गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास गोळी घेण्याचा होता, गोळीतल्या औषधाचा फार थोडा. आकडे दाखवल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

यातून घरी करण्याजोगं एवढंच: नवी गोळी सुरू करण्याआधीचा आठवडा आपल्याला काय काय दुखतं ते वहीत लिहायचं, दहापैकी किती तेही. पन्नाशीत पोटऱ्या तशाही दुखत असतात. गोळी सुरू केल्यावर पुन्हा लिहायचं. तुलना करायला काहीतरी हातात राहतं. लघवी गडद तपकिरी होणं, अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज यांसाठी मात्र वही नको, थेट डॉक्टर.

‘गॅस झालाय’

आजार झाला की माणूस मनातल्या मनात पाच प्रश्नांची उत्तरं ठरवून टाकतो: याला काय म्हणायचं, कशानं झालं, किती दिवस टिकेल, किती नुकसान करेल, आणि कशानं जाईल. हॉवर्ड लेव्हेंथल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हा आराखडा मांडला. पुढं माणूस काय करतो ते डॉक्टरच्या निदानापेक्षा या पाच उत्तरांवर जास्त ठरतं.

‘गॅस’ हे आपल्याकडचं सगळ्यात महागडं उत्तर. रात्रीच्या जेवणात तांबडा रस्सा झालेला, पहाटे छातीच्या मधोमध दाब, घाम, डावा हात जड. नाव ठरतं गॅस. कारण ठरतं तिखट. मुदत ठरते तासभर. उपाय ठरतो ओवा नाहीतर सोडा. चारही उत्तरं एकमेकांना धरून आहेत म्हणून ती खरी वाटतात, आणि सकाळचे तीन-चार तास निघून जातात. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायचे तेच तास असतात. ढेकर येऊन थोडं बरं वाटलं म्हणून हार्ट अटॅक नाही असं ठरत नाही. चाळिशीच्या पुढं किंवा शुगर असेल तर छातीतल्या दाबाला पहिलं नाव ईसीजीनं द्यायचं. शुगर जुनी असलेल्यांना तर कधी कधी दुखतही नाही. नुसती धाप आणि घाम.

बीपीच्या बाबतीत मुदतीचं उत्तर चुकतं. डोकं दुखलं की बीपी वाढलं, उतरलं की गेलं, असं चित्र असेल तर गोळी डोकेदुखीच्या दिवशीच घेतली जाते. बीपी बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. शुगरमध्ये ‘नॉर्मल आली, म्हणजे बरी झाली’ हे त्याच जातीचं. म्हणून डॉक्टरनं ‘गोळी चुकवू नका’ असं बजावण्याऐवजी विचारावं, ‘तुम्हाला काय वाटतंय, हे कशामुळं झालंय? किती दिवस गोळी लागेल?’ उत्तर ऐकल्यावर कुठं दुरुस्ती करायची ते दिसतं. डॉक्टरनं विचारलं नाही तर पेशंटनं आपण होऊन सांगावं. त्यात अपमान कुणाचाच नाही.

गोळी राहते कुठं

लांब चालणाऱ्या आजारांत औषध सांगितल्याप्रमाणं घेणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत देशांतही सरासरी निम्म्याच्या आसपास असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ च्या अहवालात म्हटलं होतं. गोळी राहण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केली की उपाय फसतो. एक, विसरणं. दुसरा, मनाशी ठरवून न घेणं: ‘उपास आहे’, ‘आज पार्टी आहे, मिसळायला नको’, ‘सवय लागेल’. दुसऱ्या प्रकाराला मोबाईलचा अलार्म लावून काहीही होत नाही. तिथं वरची पाच उत्तरंच तपासावी लागतात.

विसरण्याचं मूळ पुष्कळदा दवाखान्यातच असतं. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के गोष्टी लगेच पुसल्या जातात, असं स्मरणावरचे अभ्यास सांगतात. घाबरलेला माणूस एकच गोष्ट घट्ट धरतो (‘शुगर ३०० आहे’) आणि पुढचं ऐकतच नाही. यावर स्वस्त उपाय आहे. डॉक्टरनं ‘समजलं का?’ असं विचारू नये, त्याला कुणीही मान डोलावतो. ‘घरी गेल्यावर वहिनींना काय सांगाल?’ असं विचारून उत्तर ऐकावं. चुकलं तर आपण नीट सांगितलं नाही असं धरून पुन्हा सांगावं. केमिस्टच्या काउंटरवर हे वीस सेकंदांत होतं.

सवय लावायची तर किती दिवस लागतात? २१ दिवस हा आकडा सगळीकडे फिरतो, त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर पाहिलं. नवी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि फरक १८ पासून २५४ पर्यंतचा. एखादा दिवस चुकल्यानं फार बिघडलं नाही, ही त्यातली दिलासा देणारी बाब. सवयीला इच्छाशक्तीपेक्षा खुंटी लागते: रोज न चुकता होणारी आधीची एखादी गोष्ट. ‘सकाळी गोळी घेईन’ हे कच्चं. ‘दुधाची पिशवी पातेल्यात ओतली की, तिथंच फडताळावरची बीपीची गोळी’ हे पक्कं. जागा, वेळ आणि आधीची कृती तिन्ही ठरलेल्या. पाळ्यांत काम करणाऱ्याला घड्याळ चालत नाही, कारण दर आठवड्याला दिवस फिरतो. त्याच्यासाठी ‘डबा उघडला की’ किंवा ‘कामावरून येऊन चप्पल काढली की’ अशी खुंटी शोधावी. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी पाण्यासोबत, चहाच्या अर्धा ते एक तास आधी लागते. तिची खुंटी चहा नाही, उशाशी ठेवलेला तांब्या. सात खणांचा डबा घेतला तर ‘आज घेतली का?’ हा प्रश्नच उरत नाही. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घ्यायची नाही.

भीती घालून काम होतं का? लेव्हेंथल यांनीच १९६५ मध्ये येलच्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं. धनुर्वाताची भयानक चित्रं दाखवून घाबरवलं. मुलं घाबरली, लस घ्यायची म्हणाली, आणि तीन टक्केच गेली. ज्यांना सोबत दवाखान्याची जागा दाखवणारा नकाशा दिला आणि कधी जाणार ते ठरवायला लावलं, त्यांतली २८ टक्के गेली. दवाखाना कुठं आहे हे त्या सगळ्यांना आधीच ठाऊक असणार. गुटख्याच्या पुडीवरच्या चित्राबद्दल आपण जी तक्रार करतो, ‘बघूनही खातात’, त्याचं उत्तर यात आहे.

तंबाखू, मिश्रीचं गणित तर आणखी सरळ. बक्षीस काही मिनिटांत मिळतं, शिक्षा वीस वर्षांनी. शरीर जवळचं बक्षीस ओळखतं. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण दोनेक तासांत निम्म्यावर येतं, म्हणून दर दोन तासांनी हात खिशाकडे जातो. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड. चिडचिड, झोप न लागणं हे दोन ते चार आठवडे. पण एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. ती टाळायची नसते, ओसरेपर्यंत वेळ काढायचा असतो: पाणी, लवंग, गल्लीच्या टोकापर्यंत चालणं. बायकांनी दात घासण्याच्या नावाखाली मिश्री लावण्यात खुंटी सकाळचीच असते, म्हणून पेस्ट आणि ब्रश त्याच कोनाड्यात ठेवावा आणि मिश्रीची डबी घरातूनच जावी. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक.

कंबर आणि भीती

मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं, की वेदना दुखऱ्या जागेवरून मेंदूपर्यंत जशीच्या तशी पोचत नाही. मणक्यातल्या चेतारज्जूत ती कमी-जास्त होते, आणि वरून मेंदूही ते कमी-जास्त करतो. लक्ष, भीती, झोप यांचा शिरकाव इथं होतो. आखाड्यात पैलवानाला लागलेलं कुस्ती संपल्यावर दुखायला लागतं ते यामुळं.

उसाची मोळी उचलताना कंबरेत चमक भरली. पहिले काही दिवस दुखणार, ते साहजिक. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत बरंच कमी होतं. काहींचं मात्र तीन महिन्यांपुढं चालू राहतं, आणि त्यांच्यात एक साखळी दिसते. दुखलं म्हणजे आत काहीतरी फाटतंय असा अर्थ लावला. म्हणून वाकणं सोडलं. म्हणून पाठीचे स्नायू दुबळे आणि आखडलेले झाले. म्हणून थोड्या हालचालीनंही दुखू लागलं. म्हणून भीती खरी ठरली. त्यात एमआरआयचा रिपोर्ट येतो आणि ‘गादी सरकली’ हा शब्द घरभर होतो. २०१५ मध्ये ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा हजारो लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. विशीतल्या ३० टक्के लोकांत गादी फुगलेली होती, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत. वयानं केस पिकतात, तसंच हे. रिपोर्टमधला प्रत्येक शब्द दुखण्याचं कारण नसतो.

उपचार असा: झोपून राहायचं नाही. दुखणं बघून थांबायचं नाही, घड्याळ बघून थांबायचं. समजा दुखायला लागेपर्यंत १५ मिनिटं चालवतं, तर सुरुवात १२ मिनिटांनी. रोज तेवढंच, चांगला दिवस असो की वाईट. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवायची. इथं सगळ्यात जास्त लोक घसरतात ते चांगल्या दिवशी. आज बरं वाटतंय म्हणून गोठा, धुणं, बाजार सगळं उरकलं, की पुढचे तीन दिवस अंथरुणात, आणि मनाचा निष्कर्ष ‘हालचालीनंच वाढतं’. वाकण्याची भीती असेल तर आधी खुर्चीत बसून बुटाची नाडी, मग उभ्यानं टेबलावरची वस्तू, मग जमिनीवरची रिकामी बादली, मग पाव भरलेली. प्रत्येक पायरी भीती ओसरेपर्यंत करायची, मगच पुढची.

काही खुणा असतील तर हे सगळं बाजूला ठेवून ताबडतोब दाखवायचं: लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, कॅन्सरचा जुना इतिहास, किंवा उंचावरून पडल्यानंतरचं दुखणं.

धडधड

पॅनिक अटॅकमध्ये काय होतं ते पायरीनं समजलं तर अर्धी लढाई होते. छातीत एक ठोका चुकल्यासारखा वाटतो. मन अर्थ लावतं: ‘अटॅक आला.’ भीतीनं श्वास जलद होतो. जलद श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साईड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून गरगरतं, रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटून ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होतात. ही नवी लक्षणं पहिल्या अर्थाला पुरावा पुरवतात. दहाएक मिनिटांत शिखर येतं, मग उतरतं. गांधीनगरातून कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल, आणि नातेवाईक म्हणतात, ‘काही नाही, नाटक आहे.’ नाटक नाही. गजर खरा वाजतोय, आग नाही एवढंच.

पहिल्या वेळेस ईसीजी काढायलाच हवा. एकदा निदान झालं की, श्वास नाकानं चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडण्यावर भर. तोंडाला कागदी पिशवी लावू नये. दम्याच्या किंवा हृदयाच्या त्रासात ते घातक ठरू शकतं. आणि जिथं अटॅक आला ती जागा टाळू नये. महाद्वार रोडच्या गर्दीत आला म्हणून तिकडे जाणं बंद केलं, की महिनाभरात बिंदू चौक बंद होतो, मग एसटी, मग घराचा उंबरा. अल्प्राझोलामची गोळी खिशात ठेवून फिरणं हा सोपा मार्ग वाटतो. काही आठवड्यांत तिचीच सवय लागते आणि अचानक बंद केली तर फिट येऊ शकते. सुरू असेल तर डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळूच कमी करायची.

अंग दुखतंय, तपासण्या नॉर्मल

डिप्रेशन आपल्याकडे ‘मन उदास आहे’ असं म्हणत दवाखान्यात येत नाही. अंगदुखी, अ‍ॅसिडिटी, डोकं जड, पहाटे तीनला जाग, जेवणावरची वासना जाणं, अशा रूपात येतं. रक्त, सोनोग्राफी, एंडोस्कोपी सगळं नॉर्मल येतं आणि पेशंट आणखी खचतो, कारण दुखतंय तर खरंच. त्याला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणणं चुकीचं आहे. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून झाल्यावर नऊ प्रश्नांची एक चाचणी असते, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं याला ० ते ३ गुण, एकूण २७ पैकी. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा. त्यावर शून्याहून काहीही आलं तर त्याच दिवशी बोलायचं, गुणांची बेरीज बघत बसायचं नाही.

डिप्रेशनची गोळी फसते ती वेळेच्या क्रमामुळं. मळमळ, अस्वस्थपणा पहिल्याच आठवड्यात येतो. फायदा दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. मधल्या काळात गोळी सोडणारे खूप. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर बरेच टिकतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची ती टप्प्याटप्प्यानं.

ताणाचा शरीरावरचा परिणाम कधी मोजता येईल इतका स्पष्ट असतो. १९९५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलीमीटरची जखम केली. ती भरायला त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा सुमारे नऊ दिवस जास्त लागले. घरातल्या आजाऱ्याचं करणाऱ्या सुनेला आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या मिळाव्यात, हा सल्ला वैद्यकीयच समजावा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत जोराचा पाऊस लागला की झोप उडणारी माणसं आहेत. पावलोव्हचा नियम इथंही तोच. अशा संकटानंतर ‘सगळं सांगून मोकळे व्हा’ म्हणत लगेच घडलेलं उकरून काढायला लावण्यानं फायदा होत नाही, काहींना त्रासच वाढतो. आधी कोरडे कपडे, चहा, नेहमीच्या गोळ्या, नातेवाइकांशी फोन. बोलायचं असेल त्याचं ऐकायचं, नसेल तर शेजारी बसायचं. बहुतेक जण यातून आपापले सावरतात. महिना उलटूनही भयस्वप्नं, दचकणं, नदीकडे न जाणं चालूच असेल तर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

दाखवायचं कुणाला? मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतो, औषध देत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडची (आरसीआय) नोंदणी विचारावी. सीपीआरमध्ये मनोविकार विभाग आहे. जाताना जुन्या सगळ्या फाईली, चालू गोळ्यांची पाकिटं (आयुर्वेदिक, काढेसुद्धा) आणि झोपेचा एका आठवड्याचा तक्ता न्यावा. सोबत घरातलं एक माणूस असावं, आणि त्यानं पहिली दहा मिनिटं बाहेर थांबावं, कारण काही गोष्टी नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर बोलल्या जात नाहीत. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो, मराठीत बोलता येतं.